नितळ पाण्याची पाळी

आमच्या चिल्कालोमा वस्तीत बाई कुठलं काम करते ते विचारावं लागत नाही, हात बघितला की कळतं. शिवणाऱ्या बायांची बोटं निळी असतात. कापणाऱ्यांच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा असतो. आणि वर पेलिलेओ गावात, जीन्सच्या धुलाईवर, म्हणजे धुवायच्या कारखान्यावर, फवाऱ्याच्या खोलीत जाणाऱ्या बाईची नखं तपकिरी होतात, ओले अक्रोड सोलल्यासारखी. तार्हेलिया मानोबांदाची नखं तशी होती. लिंबानं घासून झाली, राखेनं घासून झाली. एकदा भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून तिनं धुलाईतलंच ब्लीच घरी आणलं आणि बोटं त्यात बुडवून बसली. कातडी निघाली, नखं होती तशीच राहिली.

“ऱ्हाऊ दे की गं,” इमेल्दा म्हणाली. “लोकांना वाटंल, बाईनं रंग लावलाय. शहरात बाया पैसे देऊन लावतात.”

“त्यांचा निघतो,” तार्हेलिया म्हणाली.

इमेल्दा तिची शेजारीण. तार्हेलियाच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच हातात धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं की देवाशी भांडल्यासारखं होतं. दोघींच्या जमिनी लागून, मधे नुसता चिलकाच्या झुडपांचा बांध, आणि पाटाला मातीचं दार एकच. तिथून पाणी फुटायचं ते अर्धं हिच्या सऱ्यांत, अर्धं तिच्या.

तार्हेलिया काही धुलाईवर जायला जन्मली नव्हती. बटाटा, कांदा, थोडा मका, दोन गाई, चुलीमागं खायला पाळलेले कुय, सशाएवढे केसाळ प्राणी, असं तिचं सासरचं घर होतं. मग तुंगुरावा खोकायला लागली. ज्वालामुखीचा डोंगरच तो, आम्ही तिला बाई समजतो आणि तिच्या तब्येतीची चौकशी करत असतो. त्या वर्षी तिनं इतकी राख ओकली की छपरं वाकली. गवतावर राख, बटाट्याच्या पाल्यावर राख. गाई ते गवत खायच्या आणि त्यांचे दात कानशीनं घासल्यासारखे झिजून गेले. नवरा, सेगुंदो, किनारपट्टीला केळीच्या मळ्यांत घड तोडायला गेला. जाताना म्हणाला, पेरणीला येतो. किती पेरण्या झाल्या. तिकडं त्याचं दुसरं घर झालं, हे आम्हाला तार्हेलियाच्या आधी कळलं होतं.

तेव्हा अख्खी खालची वस्ती वर जीन्सच्या कामाला लागली. जमीन पोसेना, पँटी पोसायला लागल्या. पुढं एकेकीनं शिवणयंत्र घेतलं आणि काम घरीच आणलं: कुणी खिसे शिवतं, कुणी पट्टा ओवायच्या नाड्या, कुणी नुसते धागे कापतं. तार्हेलियाला यंत्र कधी जमलं नाही. तिची शिवण पाटासारखी वळणं घेत जायची. म्हणून वर्षं गेली तशी खालून धुलाईवर जाणारी ती एकटीच उरली.

नवी जीन्स कडक असते, काळपट निळी. तशी ती कुणी घेत नाही, तिला आधी म्हातारं करावं लागतं. मोठाल्या पिंपांत हलक्या सच्छिद्र दगडांबरोबर ती घुसळतात. मांड्यांवर पॉलिश पेपर मारतात. तार्हेलियानं पहिली वर्षं तेच केलं आणि निळी धूळ थुंकली. मग तिला फवाऱ्यावर घातलं. खोलीत कमरेपासून खालचे रबरी पाय रांगेनं उभे. पायांना पँट चढवायची, पायांत हवा भरायची, पँट टरारून फुगली की पिस्तुलानं गुडघ्यांवर, मांड्यांवर, बुडावर जांभळं औषध मारायचं. ते वाळून तपकिरी होतं. मग धुतलं की तिथला निळा रंग जातो आणि पांढुरकी जागा राहते, कुणी वर्षानुवर्षं त्या पँटीत गुडघ्यावर बसून कांदे लावले असावेत अशी.

“माझीच न्यायची की वर,” इमेल्दा आपल्या गुडघ्यांकडं बोट करून म्हणायची. “आयती तयार हाय. भोकासकट.”

“तुझी कोण घेणार? तुझ्या भोकांना फॅशन न्हाई.”

तोंडाला फडकं बांधायचे सगळे. मुखवटे होते, पण ते घातले की श्वास कोंडतो आणि काम मागं पडतं. तार्हेलियाच्या नाकातून आधी रक्त यायचं. मग ते थांबलं, आणि नाकच गेलं. चुलीवर बटाटे करपले तरी तिला धूर दिसेपर्यंत पत्ता लागायचा नाही. आणि तिच्या अंगाला मात्र तो क्लोरीनचा वास कायमचा बसला, कपड्यांना, केसांना, तिनं दिलेल्या भाकरीलासुद्धा. बसमध्ये तिच्याशेजारची जागा लवकर रिकामी व्हायची.

“कुत्रं भुकायच्या आधी मला कळतं तू आलीस ते,” इमेल्दा म्हणायची.

खोकला लागला तो जाईना. धुलाईचा चढ चढताना ती मधे बसायला लागली. तेव्हाच तिनं झाडटोमॅटो लावायचं मनावर घेतलं. तांबडी, अंड्यासारखी फळं, आमच्याकडे त्यांचं पन्हं करतात, मिरचीच्या चटणीत घालतात, बाजारात कधी पडून राहत नाहीत. झाड दीड वर्षात धरतं आणि एकदा धरलं की थांबत नाही. तिनं सासऱ्याच्या जुन्या बटाट्याच्या तुकड्यात रोपं लावली. कामावरून आली की गुळाचं गरम पाणी घोटभर प्यायची आणि अंधार पडेतो रोपांत वाकलेली असायची. तिचं बघून इमेल्दानंही आपल्या बाजूला तेवढीच लावली.

“ही धरली की मी वर जायची न्हाई,” तार्हेलिया सांगायची. “मग आयुष्यात दुसऱ्याच्या पँटीला हात लावायची न्हाई.”

“सेगुंदो आला तर?”

“त्याच्या तर मुळीच न्हाई.”

आता पाटाचं. पाट वरच्या झऱ्यावरून येतो, गावाच्या कडेनं वाहतो, आणि निलगिरीच्या रांगेखाली त्यात धुलाईचा नळ मिळतो. पाणी साफ करायची टाकी बांधलेली आहे. कधी पाणी टाकीतून येतं, कधी टाकीला वळसा घालून. हे आम्हाला कुणी सांगत नाही, पाणीच सांगतं. निळं आलं की दार बंद. काळं आलं, दार बंद. नितळ आलं की फावडं घेऊन पळायचं. रांगणारी पोरं सोडली तर वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक. पाळीला निळं पाणी आलं तर पाळी गेली, ती भरून मिळत नाही. म्हणून रविवारची पाळी सगळ्यांना हवी असते, कारण रविवारी धुलाई बंद. ती पाळी फिरती ठेवलीय आणि तिच्यावरून मारामाऱ्या झाल्यात.

झाडं खांद्याएवढी झाली. फुलं आली, मग गोट्यांएवढी हिरवी फळं. तार्हेलिया धुलाईच्या मुकादमाकडं गेली. विल्मेर त्याचं नाव, माणूस वाईट नाही, त्याचीही नखं तपकिरीच.

“शनिवार माझा शेवटचा,” ती म्हणाली.

“कुठं चाललीस, दोन्या?” त्यानं विचारलं. मोठ्या बाईला आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात.

“घरी.”

“घरी काय आहे?”

“टोमॅटो.”

“टोमॅटो पगार देतात का?”

“देतील. आणि नाकात जात न्हाईत.”

विल्मेर हसला. शनिवारी त्यानं तिला एक पँट दिली, पायाची शिवण तिरकी गेलेली, म्हणून बाद झालेली. ती तिनं आम्बातो शहरात राहणाऱ्या पोरीला पाठवून दिली.

त्यानंतरचा आठवडा ती घरी होती. सकाळी उशिरा उठायची. दारात बसून उकडलेला मका एकेक दाणा तोंडात टाकत खायची. चेहऱ्यावर आनंद असा नव्हता. लांबून ओझं आणून खाली ठेवल्यावर माणूस नुसतं त्याच्याकडं बघत बसतं, तशी बसायची. दिवस कोरडे होते, पावसाचा पत्ता नव्हता, आधीच्या दोन्ही पाळ्यांना निळं पाणी आलं होतं. टोमॅटोची पानं दुपारी माना टाकायची. पण येणारा रविवार या दोघींचा होता.

रविवारी इमेल्दा चर्चमध्ये मिसेला गेली होती. तार्हेलिया एकटीच पाटावर गेली. पाणी आलं. तळातला खडा न् खडा दिसत होता. तिनं ओंजळीत घेऊन बघितलं, बोटांमधून सोडलं, आणि दार फोडलं. सरी सरीनं पाणी फिरवलं, झाडाच्या बुडाशी आळं भरू दिलं, मग पुढचं. इमेल्दा मिसेवरून येईतो तिची बाजूही तिनं अर्धी भिजवली होती.

इमेल्दानं चांगला घागरा खोचला आणि बांधावर उभी राहिली.

“वास कसला येतोय गं?”

“कसला?”

“तुझाच. ब्लीचचा. आठवडा झाला घरी बसून, अजून येतोय.”

“कातडीत मुरलाय. निघायला वर्ष लागंल.”

“आंघोळ कर जरा. टोमॅटोला लागंल वास.”

दोघी हसल्या. इमेल्दानं दुसरं फावडं घेतलं आणि आपल्या राहिलेल्या सऱ्या भरून घेतल्या. पाणी पोटभर मिळालं, एवढं तर त्या वर्षात कधी मिळालं नव्हतं.

मंगळवारी पानांच्या कडा वाळल्या. तार्हेलियाला वाटलं, ऊन. बुधवारी पानं मधून पिवळी पडली, कागदासारखी वाजायला लागली. मग फळं सुरकुतली आणि हात लावला की देठासकट हातात येऊ लागली. तिनं एक झाड उपटून बघितलं. मुळं विस्तवात धरल्यासारखी तांबूस आणि मऊ. बांधापलीकडं इमेल्दाची झाडंही तशीच होत होती. ज्यांच्या पाळ्या सोमवारी होत्या त्यांच्या शेतांना काही झालं नव्हतं. सोमवारी निळं आलं होतं, त्यांनी दारं बंद ठेवली होती.

तार्हेलिया वर धुलाईच्या फाटकाशी गेली. विल्मेर सिगारेट ओढत बाहेर उभा होता.

“रविवारी चालू होती?” तिनं विचारलं.

त्यानं मागं वळून बघितलं, मग सिगारेट विझवली.

“सणाची ऑर्डर आलीय. पांढऱ्या पँटींची. ह्या वर्षी निळं कुणाला नको, बर्फासारखं पांढरं पाहिजे सगळ्यांना. पिंपांत नुसतं क्लोरीन ओततोय आम्ही. तू गेलीस त्याच शनिवारी संध्याकाळी ठरलं, पुढच्या आठवड्यात रविवारी पण चालवायचं म्हणून.”

“मी दुपारीच गेले.”

“हो.”

“पाण्याला रंग नव्हता, विल्मेर.”

“रंग कुठून येणार? पँटींचा सगळा रंग आदल्या दिवशीच गेलेला. रविवारी उरलं होतं नुसतं पांढरं करायचं पाणी.” त्यानं विझलेली सिगारेट कानामागं खोचली. “मला वाटलं, तुम्ही लोक बघून घेता.”

“बघूनच घेतलं,” ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी वस्तीच्या सभाघरात पाण्याची सभा भरली. दोन्या मेल्चोरा अध्यक्ष. तिची मान हलते, पण हो-नाही कुठलं ते बरोबर कळतं. तिनं आधी सगळं ऐकून घेतलं.

“तक्रार करायची तर करू,” ती म्हणाली. “वरच्या कचेरीत जाऊ, माणसं येतील, पाणी बाटलीत भरून नेतील. करायची का?”

बाया मांडीवरचे धागे वेचत राहिल्या.

“मग असं करा. ज्याच्या घरात पँटीचा एक तुकडाबी शिवायला येत न्हाई, त्यानं आधी हात वर करावा. म्हणजे त्याला मालकाचं भ्या न्हाई.”

सभाघरात पाय सरकल्याचा आवाज झाला. मागून कुणीतरी म्हणालं, “पाद्रीबाबांना बोलवा. ते झगा घालतात.”

“झग्याखाली जीन्सच हाय,” मेल्चोरा म्हणाली. “धुलाईच्या मालकानंच दिलीय.”

लोक हसले. हसू ओसरलं तरी हात कुणाचा वर आला नाही. तार्हेलिया भिंतीपाशी बाकावर बसली होती, मांडीवर हात, नखं आत वळवलेली. सगळे तिच्याकडं न बघण्याची काळजी घेत होते. तिनंच दार फोडलं होतं. झाडं तिच्यासंगं दुसऱ्याचीही मेली होती.

तेव्हा इमेल्दा उठली.

“माझी झाडं मेली,” ती म्हणाली. “मी काय कोमाद्रेला बोलायची न्हाई. मीबी फावडं हातात घेतलं व्हतं, आणि मला वास बी आला व्हता. मी तो हिच्यावर ढकलला. तेवढं माझं.” तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण एक सांगते. ही वर असती तर रविवारी धुलाई चालू हाय हे आपल्याला कळलं असतं. पांढऱ्या पँटी आल्यात हे बी कळलं असतं. खालचं आता वर कुणीच न्हाई. पाणी काय घिऊन येतंय ते आता डोळ्यांनी कळायचं न्हाई. पिंपापाशी उभं ऱ्हाऊन बघणारं माणूस पायजे.”

“मग?” मेल्चोरानं विचारलं.

“हिनं परत जावं.”

तार्हेलियानं मान वर केली.

“मला चढ चढवत न्हाई, कोमाद्रे.”

“ठाव हाय.”

“नाक गेलंय.”

“ठाव हाय गं. माझं यंत्र आणि माझा आजारी म्हातारा सोडून मला जाता आलं असतं तर मी गेले असते. ह्यांना विचार. कोण जातंय?”

तार्हेलियानं खरंच बघितलं. एकीच्या पोटाशी पोर, एकीचे डोळे अधू, पुरुष बहुतेक मजुरीला बाहेर. ज्याच्या त्याच्या घरात कापडाचा गठ्ठा पडलेला, तो शनिवारी शिवून द्यायचा. सगळ्यांनी आपापल्या चपला बघितल्या.

“टोमॅटो नसते लावले तर बरं झालं असतं,” ती एवढंच म्हणाली. मेल्चोराची मान हलली, आणि ते हो होतं की नाही ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही.

शनिवारी दोघींनी मिळून झाडं तोडली. ते लाकूड पोकळ असतं, जाळायच्याही कामाचं नाही. बांधावर रचून ठेवलं. दुपारी इमेल्दानं बटाट्याचं सूप आणलं आणि एकाच भांड्यातून दोघींनी खाल्लं.

“माझ्यावर राग हाय का?” इमेल्दानं विचारलं.

“हाय.”

“किती?”

“सूप संपू दे, मग सांगते.”

सोमवारी विल्मेरनं तिला फाटकातून येताना बघितलं.

“काय झालं, दोन्या? टोमॅटोंनी कामावरून काढलं?”

“मला फवाऱ्यावर नको,” ती म्हणाली. “पिंपावर दे. नाल्याच्या बाजूला.”

“तिथं गडी टिकत नाहीत. ओली पँट उचलायची म्हणजे मढं उचलल्यागत असतं. आणि वाफ.”

“पिंपावर दे.”

त्यानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तिला तिथं कशाला उभं राहायचंय ते त्याला कळलं असावं. त्यानं कोपऱ्यातले रबरी बूट तिच्याकडं सरकवले. ते मोठे होत होते. तिनं आत चिंध्या कोंबल्या.

दुपारच्या सुट्टीत ती मागच्या अंगणात गेली, भिंतीला टेकली, दम खाऊन घेतला आणि इमेल्दाला फोन लावला.

“आज पाळी फिरून आपल्याकडं आलीय,” इमेल्दा म्हणाली. “पाणी आलंय. आरशासारखं हाय गं.”

“सोडून दे.”

“मका वाळलाय, कोमाद्रे. पानं गुंडाळलीत.”

“सकाळपासनं पांढऱ्याच चालल्यात. सोडून दे.”

फोनमधून मागं पाटाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

“उद्या?”

“उद्याचं उद्या सांगते.”

इमेल्दानं दारावर माती ओढली, फावड्याच्या पाठीनं थोपटली, आणि पाणी तिच्या मक्याजवळून खाली नदीकडं निघून गेलं. खालच्या शेतांनाही तिनं हाका मारून सांगितलं. मग घरात जाऊन पट्ट्याच्या नाड्या शिवायला बसली. वर विल्मेरनं शिट्टी मारली. तार्हेलियानं फोन खिशात टाकला, तोंडावर फडकं ओढलं आणि पिंपातून पुढची ओली पँट बाहेर ओढायला वाकली.